घरचं पोटाचं डायलिसिस: पिशवी की मशीन? कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातले रुग्ण आणि त्यांच्या घरचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं प्रौढ रुग्णांसाठी आहेत. मुलांचं प्रमाण वजनानुसार वेगळं असतं. पिशवीची ताकद, औषधाचा डोस आणि मशीनची सेटिंग तुमच्या किडनीतज्ज्ञांनी लिहून दिली असेल तीच धरायची.

१. पोटाचं डायलिसिस म्हणजे नक्की काय? घरी कुठलं सामान लागतं?

पोटाच्या आतल्या पातळ पडद्याला (पेरिटोनियम) बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. पोटात साखरेचं निर्जंतुक पाणी सोडलं की रक्तातली घाण आणि जादा पाणी त्या पडद्यातून झिरपून त्यात येतं. काही तासांनी ते काढून नवं भरायचं. प्रौढाला एका वेळी बहुधा २ लिटर पाणी भरतात.

कायमचं सामान म्हणजे पोटात बसवलेली सिलिकॉनची नळी (कॅथेटर), तिच्या टोकाला जोडलेला ट्रान्सफर सेट (उघड-बंद करायची किल्ली असलेली छोटी नळी), सलाइनचा स्टँड आणि वजनकाटा. रोजच्या सामानात जोडपिशवी (भरलेली आणि रिकामी पिशवी वाय आकाराच्या नळीने एकत्र जोडलेली), आयोडीनची टोपी, मुखपट्टी आणि हातावर चोळायचं सॅनिटायझर येतं. मशीनवर असाल तर सायकलर (पाणी आपोआप भरणारं आणि काढणारं मशीन), त्याची रोज बदलायची कॅसेट (नळ्यांचा संच) आणि ५ लिटरच्या किंवा त्यासारख्या मोठ्या पिशव्या लागतात.

२. हाताने पिशवी बदलणं (सीएपीडी) सुरक्षित की मशीन (एपीडी)?

आजवर झालेल्या तुलनांत जगण्याचं प्रमाण आणि पोटातला जंतुसंसर्ग (पेरिटोनायटिस) या दोन्हींत ठाम फरक दिसलेला नाही. मशीनवर जोडणं-सोडणं दिवसातून कमी वेळा होतं, म्हणून संसर्ग कमी होईल असं वाटतं. पण मशीनच्या एका जोडणीत अनेक पिशव्या लागतात, नळ्या लांब असतात आणि त्या रात्रभर अंथरुणाशेजारी पसरलेल्या असतात.

खरा मोठा फरक पडला तो जोडणीच्या पद्धतीमुळे. सुरुवातीच्या काळात पिशवीत टोकदार स्पाइक खुपसायचे आणि रिकामी पिशवी अंगावर गुंडाळून ठेवायचे. १९८०च्या दशकात वाय-सेट आला आणि पुढे जोडपिशवी आली. नवं पाणी पोटात जाण्याआधी नळीचं तोंड धुऊन काढायचं, हे तत्त्व तेव्हापासून रूढ झालं आणि संसर्ग स्पष्टपणे कमी झाला. त्यामुळे केंद्राची तुलना करताना मशीनच्या मॉडेलआधी एक प्रश्न विचारा: तुमच्याकडे एका रुग्णाला वर्षाला सरासरी किती वेळा पेरिटोनायटिस होतो? आंतरराष्ट्रीय पीडी (पेरिटोनियल डायलिसिस, म्हणजे पोटाचं डायलिसिस) संघटनेच्या २०२२च्या मार्गदर्शनात हा आकडा ०.४च्या वर जाऊ नये असं म्हटलं आहे. म्हणजे एका रुग्णाला अडीच वर्षांत फार तर एकदा.

३. मग मशीन घेण्यात फायदा कुणाचा?

नोकरी करणाऱ्याचा, शाळेत जाणाऱ्या मुलाचा, आणि ज्या घरात मदतीला माणूस फक्त रात्री असतो त्या घराचा. ज्यांचा पोटाचा पडदा साखर पटकन शोषतो त्यांनाही मशीनचे छोटे फेरे (पाणी थोडाच वेळ पोटात ठेवून बदलणं) मानवतात. पडदा कसा आहे ते पेट (पेरिटोनियल इक्विलिब्रेशन टेस्ट) नावाच्या चाचणीतून कळतं. २ लिटर पाणी ४ तास पोटात ठेवून, ठरावीक वेळांना नमुने घेऊन ती करतात.

मशीनची एक उणी बाजू फारशी कुणी सांगत नाही. छोट्या फेऱ्यांत पाणी पटकन निघतं, पण मीठ त्या मानाने मागे राहतं. सुकट, खारवलेला बांगडा आणि लोणचं रोजच्या ताटात असेल, तर मशीनवर काटा खाली येतो आणि रक्तदाब मात्र वरच राहतो. अशा वेळी दिवसाचा एक लांब फेरा जोडून द्यावा लागतो.

४. एका कंपनीची पिशवी दुसऱ्या कंपनीच्या नळीला चालते का?

नाही. बॅक्स्टरच्या धाटणीचा स्क्रूचा जोड आणि फ्रेसेनियसच्या स्टे-सेफचा जोड वेगवेगळे आहेत. स्टे-सेफमध्ये चकती फिरवून पायऱ्या बदलतात आणि सोडण्याआधी एक पिन नळीचं तोंड आतूनच बंद करते. बोटं थरथरणाऱ्या किंवा कमी दिसणाऱ्या माणसाला चकती सोपी जाते. दुसऱ्या पद्धतीत भाग कमी असल्यामुळे ती लवकर शिकता येते. नीट शिकलेल्या माणसाच्या हातात दोन्ही सुरक्षित आहेत. ब्रँड बदलायचा तर ट्रान्सफर सेटही केंद्रातच बदलून घ्यावा लागतो. पिशव्या संपल्या म्हणून शेजारच्या तालुक्यातल्या रुग्णाकडून वेगळ्या कंपनीच्या आणून ओढूनताणून जोडू नका. ट्रान्सफर सेट साधारण ६ महिन्यांनी बदलतात. चीर किंवा गळती दिसली तर त्याच दिवशी.

कॅथेटर सरळ की टोकाला वेटोळं असलेला, याने संसर्गात स्पष्ट फरक पडत नाही. फरक पडतो तो नळी पोटातून जिथून बाहेर येते त्या छिद्राच्या दिशेने. तोंड खाली किंवा आडवं हवं. वर असेल तर घाम आणि पाणी तिथे साचतं.

५. पिशवी बदलताना नेमकं कुठे चुकतं?

पूर्ण क्रिया साधारण ३० ते ४० मिनिटांची आहे. त्यात धोक्याचे क्षण दोनच, टोपी काढून पिशवी जोडताना आणि पिशवी सोडून नवी टोपी लावताना. बाकीचा वेळ पाणी आपोआप वाहत असतं.

आधी दार-खिडकी बंद करा, पंखा बंद करा, टेबल पुसून घ्या. पिशवीवरची तारीख, साखरेचं प्रमाण आणि लिटर वाचा. पिशवी दाबून गळती बघा. बाहेरच्या वेष्टणाच्या आत दोन-चार थेंब दमट असणं चालतं, पण पाणी साचलेलं असेल तर ती पिशवी बाजूला ठेवा. मुखपट्टी आधी बांधा आणि हात नंतर धुवा. बरेच जण उलट करतात, आणि धुतलेले हात पुन्हा नाकाकडे जातात.

जोडल्यावर आधी जुनं पाणी काढायचं. त्याला १५ ते २० मिनिटं लागतात. मग ट्रान्सफर सेट बंद ठेवून नव्या पिशवीची कांडी (तिचं तोंड बंद ठेवणारा प्लॅस्टिकचा तुकडा) मोडायची आणि पाच आकडे मोजेपर्यंत नवं पाणी थेट रिकाम्या पिशवीकडे जाऊ द्यायचं. हे फ्लश. नळीतली हवा आणि तोंडाशी चिकटलेला जंतू याच पाण्याबरोबर वाहून जातो. घाईत गाळली जाते ती हीच पायरी. त्यानंतर ड्रेनची नळी चिमट्याने बंद करून पोट भरायचं, ते १० मिनिटांत होतं. शेवटी नवी टोपी उघडून आत आयोडीनचा ओला स्पंज आहे ना ते बघायचं. स्पंज कोरडा किंवा गायब असेल तर ती टोपी टाकून द्या. काढलेली टोपी पुन्हा कधीच लावायची नाही.

काढलेलं पाणी मोजतानाही एक गफलत होते. नव्या पिशवीत छापील आकड्यापेक्षा थोडं जास्त पाणी असतं, आणि फ्लशचं पाणीही ड्रेनमध्येच जमा होतं. त्यामुळे २ लिटर वजा करून आलेला आकडा फुगलेला असतो. अख्ख्या जोडपिशवीची वापरण्याआधी आणि नंतर, अशी दोन्ही वजनं घेतलीत तर खरा हिशेब लागतो.

६. आमच्याकडे विहिरीचं पाणी आहे. हात धुवायला चालेल का?

चालेल, पण वाहत्या धारेखाली. बादलीत तांब्या बुडवून नको. तोटीच्या पिंपात उकळून गार केलेलं पाणी भरून ठेवलं तर उत्तम, विशेषतः पावसाळ्यात विहीर गढूळते तेव्हा. साबणाने नखं आणि अंगठ्याची बेचकी चोळा, मग स्वच्छ कोरड्या कपड्याने किंवा कागदाने हात पूर्ण कोरडे करा आणि त्यावर सॅनिटायझर चोळून तो वाळू द्या. ओल्या हाताने जोडणी करणं सर्वांत वाईट. पाण्यातले जंतू त्या थेंबातून आत जातात, आणि त्यांतला स्यूडोमोनास हटायला फार चिवट असतो.

७. घर जुनं, कौलारू, जमीन सारवलेली. वेगळी खोली बांधावी लागेल?

नाही. माजघराचा किंवा पडवीचा एक कोपरा चालतो, पण त्या जागेवर कौलांतून धूळ पडायला नको. वर प्लॅस्टिकचं किंवा कापडाचं छत ताणा. खाली धुता येईल अशी चटई किंवा लादी घाला. चूल आणि गोठा त्या जागेपासून लांब हवेत. जोडणी चालू असताना खोलीत रुग्ण आणि मदतनीस, एवढेच. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. तेव्हा दाराला आतून कडी घाला आणि त्यासाठी संकोच करू नका.

८. घरात मांजर आहे. काढून टाकू का?

काढू नका, पण डायलिसिसच्या खोलीत तिला कधीच येऊ देऊ नका. मशीनची नळी मऊ, उबदार आणि हलती असते, त्यामुळे मांजर ती चावते. दाताचं भोक इतकं बारीक असतं की सकाळी अंथरूण ओलं दिसेपर्यंत कळत नाही. मांजराच्या तोंडातल्या पाश्चुरेला नावाच्या जंतूने होणारा पेरिटोनायटिस वैद्यकीय नोंदींत ठळकपणे आहे. नळीला भोक दिसलं तर प्रश्न १५ प्रमाणे वागा.

९. दीड, अडीच आणि सव्वाचार टक्के: पिशवी आपली आपण बदलली तर?

साखर जास्त तर पाणी जास्त ओढलं जातं. २ लिटरच्या पिशवीत अनुक्रमे ३०, ५० आणि ८५ ग्रॅम साखर असते, आणि लांब फेऱ्यात तिचा निम्म्याहून अधिक भाग रक्तात जातो. सव्वाचारची पिशवी रोजची झाली की मधुमेह बिघडतो, वजन वाढतं, आणि काही वर्षांनी पोटाचा पडदाच थकतो. डॉक्टर बहुधा वजन, सूज आणि रक्तदाब यांवरून तक्ता लिहून देतात: इतकं वजन असेल तर ही पिशवी. बदल त्या तक्त्याच्या आतच करा. सूज वाढली तर आधी मिठाकडे बघा आणि मग पिशवीकडे.

१०. आयकोडेक्स्ट्रिनची पिशवी सुरू केल्यापासून साखर जास्त दाखवते. असं का?

हा प्रश्न जिवावर बेतू शकतो, म्हणून नीट वाचा. आयकोडेक्स्ट्रिनची पिशवी (ग्लुकोजऐवजी पिष्टापासून केलेलं द्रव्य, ७.५ टक्के) दिवसातून एकदा, लांब फेऱ्यासाठी वापरतात आणि ती छान पाणी काढते. पण शरीरात तिचं माल्टोज (वेगळ्या प्रकारची साखर) होतं, आणि काही ग्लुकोमीटरच्या पट्ट्या माल्टोजलाच ग्लुकोज समजतात. या पट्ट्या जीडीएच-पीक्यूक्यू प्रकारच्या असतात. खरी साखर ६० असताना काटा १८० दाखवू शकतो. त्यावर इन्सुलिन दिलं तर रुग्ण बेशुद्ध होतो. फक्त ग्लुकोजच मोजणारी पट्टी मागून घ्या आणि खोक्यावर तसं लिहिलेलं तपासा. ही चूक पिशवी थांबवल्यावरही साधारण २ आठवडे होऊ शकते. ‘आयकोडेक्स्ट्रिन चालू आहे’ अशी चिठ्ठी खिशात ठेवा, कारण अपघातात नेलेल्या दवाखान्याला हे माहीत नसेल.

११. रात्री वीज गेली तर मशीनचं काय होतं?

पाणी गरम होणं आणि फेरे थांबतात. बरीच मशीनं थोडा वेळ कुठवर आलो ते लक्षात ठेवतात. वीज लवकर आली तर पडद्यावरच्या सूचनेप्रमाणे पुढे चालवा. नाही आली तर सगळे चिमटे बंद करून, हात धुऊन, नव्या टोपीने नळी सोडा आणि पोटात पाणी किती आहे ते वहीत लिहा. सकाळी हाताने एक पिशवी बदला.

इन्व्हर्टर घेणार असाल तर शुद्ध साइन वेव्हचा घ्या. मशीनमध्ये सर्वाधिक वीज हीटर खातो, म्हणून पुस्तिकेतला वॅटचा आकडा दुकानदाराला दाखवा. घरगुती दिवे-पंख्यांचा स्वस्त इन्व्हर्टर मशीनला बाधतो. आणि मशीन कितीही चांगलं असलं तरी हाताने पिशवी बदलणं घरातल्या दोघांना यायलाच हवं. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मुरुड, दापोलीकडच्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. तिथे जोडपिशवी आणि दिवसाचा उजेड एवढ्यावर डायलिसिस चालतं. मशीनवाल्यांनी निदान ७ दिवसांच्या, म्हणजे २८ साध्या पिशव्या आणि तेवढ्याच टोप्या वेगळ्या ठेवाव्यात.

१२. पावसाळ्यासाठी किती साठा करावा आणि ठेवावा कुठे?

रोज ४ पिशव्या धरल्या तर महिन्याला १२० लागतात, म्हणजे २४० किलोहून जास्त वजन. जुन्या माळ्यावर हे ओझं चढवू नका. जून ते सप्टेंबर ६ आठवड्यांचा साठा हाताशी असावा, कारण कुंभार्ली, आंबा, आंबोली यांपैकी कुठल्याही घाटात दरड आली की गाडी अडते.

खोकी भिंतीपासून वीतभर दूर, लाकडी फळीवर. चिऱ्याची भिंत पावसात ओल धरते, पुठ्ठा भिजतो आणि बुरशी वेष्टणावर येते. नदीकाठी राहत असाल तर अर्धा साठा वरच्या मजल्यावर किंवा उंचावरच्या नातेवाइकांकडे ठेवा. २२ जुलै २०२१ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढलं होतं. पुरात बुडालेली पिशवी वरून अखंड दिसली तरी वापरू नका. मे महिन्यात पत्र्याखालची खोली टाळा. खोक्यावर छापलेलं तापमान बघा.

१३. पिशवी गरम पाण्यात टाकून कोमट केली तर?

नको. पाण्यातले जंतू वेष्टणावर आणि तिथून हातावर येतात. मायक्रोवेव्हमध्ये पाणी कुठे कढत, कुठे गार राहतं. वेष्टण न काढता गरम पॅडवर किंवा वॉर्मर पिशवीत, अंगाइतकं म्हणजे साधारण ३७ अंश, एवढंच.

१४. पाणी गढूळ आलं. ताप नाही, रात्र आहे. सकाळपर्यंत थांबू का?

थांबू नका. पिशवी छापील कागदावर ठेवा. अक्षरं वाचता येत नसतील तर खात्री होईपर्यंत तो पेरिटोनायटिसच समजायचा, ताप आणि पोटदुखी असो वा नसो. ऑस्ट्रेलियातल्या २०१६च्या एका अभ्यासात, दवाखान्यात पोहोचल्यापासून अँटिबायोटिकला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिरामागे डायलिसिस फसण्याचा किंवा मृत्यूचा धोका साडेपाच टक्क्यांनी वाढलेला दिसला.

गढूळ पिशवी चिमटा लावून सोबत न्या, टाकू नका. तपासणीत एका मायक्रोलिटरमध्ये १०० पेक्षा जास्त पांढऱ्या पेशी आणि त्यांत निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) असतील तर निदान पक्कं धरतात. पाणी पोटात किमान २ तास राहिलेलं हवं. मशीनवाल्यांची इथे फसगत होते, कारण छोट्या फेऱ्यात पेशींचा आकडा कमी भरतो. तेव्हा न्यूट्रोफिलचं प्रमाण बघायला सांगा. दिवसा पोट रिकामं असेल तर १ लिटर भरून तासा-दोन तासांनी नमुना घेतात.

लांबच्या गावातून येणाऱ्यांनी जवळच्या दवाखान्यात एवढं सांगावं: नमुना अँटिबायोटिक देण्याआधी घ्या, रक्ताच्या कल्चरच्या (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीच्या) दोन बाटल्यांत प्रत्येकी ५ ते १० मिलि पाणी घाला, आणि आमच्या केंद्राला फोन लावा. अँटिबायोटिक शक्यतो पिशवीतूनच, पोटात देतात. सोबत बुरशीविरोधी गोळीबद्दलही विचारा. अँटिबायोटिकनंतर बुरशी माजते, आणि बुरशीचा पेरिटोनायटिस झाला तर नळी काढावीच लागते.

पाणी दुधासारखं पांढरं असेल तर कधी कधी जंतू नसून चरबी असते, आणि लर्कॅनिडिपिनसारख्या रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही असं होतं. पाळीच्या दिवसांत गुलाबी पाणी येऊ शकतं. पण हे ठरवायचं तपासणीने. घरी बघून ठरवू नका.

१५. नळीच्या उघड्या तोंडाला हात लागला. पुसून लावू का?

पुसू नका. ट्रान्सफर सेटची किल्ली बंद असेल आणि पाणी आत गेलं नसेल, तर नवी टोपी लावा, काही भरू नका आणि केंद्रात जा. ट्रान्सफर सेट बदलला की काम झालं. किल्ली उघडी होती किंवा पाणी आत गेलं असेल, तर सेट बदलण्याबरोबर अँटिबायोटिकही लागतं. नळी फुटली तर तुटलेल्या जागेच्या वर, पोटाच्या बाजूला, चिमटा लावा. नळीचा चिमटा एका दोरीला बांधून स्टँडवर कायम लटकवून ठेवा.

१६. पाणी आत जातं, बाहेर येत नाही. मशीन सारखं वाजतं.

आधी नळीला पीळ आहे का बघा, मग कूस बदला. त्यानंतर विचारा, पोट साफ झालं का? बद्धकोष्ठ हे सर्वांत नेहमीचं कारण आहे. फुगलेलं आतडं नळीला ढकलतं किंवा दाबतं. पाण्यात पांढरे धागे (फायब्रिन) दिसले तर डॉक्टर पिशवीत हेपारिन (गुठळी होऊ न देणारं औषध) घालायला सांगतात. एवढ्याने भागलं नाही तर एक्स-रेमध्ये नळीचं टोक सरकलंय का ते दिसतं.

अलार्म बंद करायला बायपासचं बटण दाबत राहू नका. जुनं पाणी आत असताना मशीन नवं भरतं आणि पोट तट्ट फुगतं. दम लागला, पोट ताणलं, तर मशीन थांबवून हाताने पाणी काढा आणि लगेच फोन करा.

१७. डायलिसिस पुरेसं होतंय हे कसं कळतं?

२४ तासांचं काढलेलं सगळं पाणी आणि २४ तासांची लघवी मोजून आठवड्याचा केटी/व्ही (शरीरातली घाण किती निघाली याचं माप) काढतात. १.७ हा नेहमीचा किमान आकडा. पण फक्त आकड्यामागे धावू नका. मेक्सिकोतल्या २००२च्या मोठ्या चाचणीत पिशव्या वाढवून आकडा वाढवला, तरी जगणं वाढलं नाही. भूक, झोप, सूज, रक्तदाब आणि उरलेली लघवी यांना तितकंच महत्त्व आहे. लघवी टिकवण्यासाठी कंबरदुखीच्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या आपणहून घेऊ नका. कमी आम्लाच्या, दोन कप्प्यांच्या नव्या पिशव्या लघवी जास्त काळ टिकवतात असं अभ्यासांत दिसलं आहे. परवडत असतील तर ज्यांना अजून लघवी होते त्यांनी त्यांचा विचार जरूर करावा.

१८. समुद्रात किंवा विहिरीत पोहता येईल का? घाम फार येतो, त्याचं काय?

विहीर, तळं, नदी नको. समुद्राबद्दल केंद्रं वेगवेगळं सांगतात. आमचा सल्ला नकोच असा आहे. अंघोळ तांब्याने किंवा शॉवरने, टबात नाही. नंतर छिद्राची जागा कोरडी करून सांगितलेलं मलम (बहुधा म्युपिरोसिन) लावा आणि नळी पोटाला चिकटपट्टीने बांधा, ओढ बसायला नको. एप्रिल-मेच्या घामात गॉज भिजलं की लगेच बदला. लाली, पू किंवा दुखरी गाठ दिसली तर त्याच दिवशी दाखवा.

१९. वापरलेल्या पिशव्यांचं काय करायचं?

पाणी संडासात ओता. परसात, माडाच्या बुंध्याशी किंवा विहिरीजवळ ओतू नका, कारण ते शरीरातून आलेलं असतं आणि त्यात साखरही असते. ओतताना हातमोजे घाला. रिकाम्या पिशव्या जाळू नका. बहुतेक पीव्हीसीच्या असतात आणि त्यांचा धूर विषारी असतो. त्या वेगळ्या बांधून ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपरिषदेच्या कचरागाडीत द्या. गाडी येत नसेल तर महिन्याच्या तपासणीला जाताना केंद्रात परत घेतात का ते विचारा. टोप्या आणि मुखपट्ट्या त्याच पिशवीत. सुया असतील तर मात्र जाड प्लॅस्टिकच्या डब्यात, झाकण घट्ट लावून.